गोल दाणा, चपटा दाणा

पोतं आलं खरं, पण एकच आलं. रामधननं दोन मागवली होती, आणि ती कशासाठी मागवली होती हे तांड्यात लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे फुलसावंगीच्या मोटारीतून उतरवलेल्या त्या एकट्या पोत्याकडे तो बघत उभा राहिला, तेव्हा बाकीचे लोक पोत्याकडे न बघता त्याच्याकडेच बघत होते.

"दुसरं कुठं हाये?" त्यानं विचारलं.

"एकच देल्लं, मास्तर," म्हैसूरकडच्या सोयऱ्यांना भेटून आलेला रामलाल म्हणाला. "मी म्हनलं तिथल्या पूनमसिंगभाऊले, मास्तरनं दोन सांगतले, दोन झाडाचे येगयेगळे. त लय हासला. हासता हासता ठसका लागला त्याले. मंग म्हने, एकच ने, पुरते."

"हासला काहून?"

"ते नाई सांगतलं. पानी पेला आन् पुन्हा हासला."

रामधननं पोतं घराकडे न्यायला सांगितलं. विचार करायला वेळ नव्हता. दुपार कलली की दारव्ह्याकडचे पाहुणे येणार होते आणि मुलीच्या, नलूच्या सगाईचा गूळ फुटायचा होता. म्हणजे फुटायला हवा होता. तांड्याचा नाईक हजर राहून पहिला खडा तोंडात टाकत नाही तोवर सगाई पक्की होत नाही, आणि नाईक हिरासिंग, रामधनचा चुलतकाका, दिवाळीपासून त्याच्याशी बोलत नव्हता.

भांडण कॉफीचं होतं. ज्या मुलखात बहुतेकांनी कॉफी डोळ्यानं बघितली नव्हती, चहासुद्धा नुकता कुठं हाटेलातून घरात शिरत होता, तिथं एका तांड्यातली दोन घरं तीन पिढ्या कॉफीवरून एकमेकांकडे पाठ करून बसली होती आणि वर त्याचा अभिमान बाळगत होती. आजूबाजूचे कुणबी शेतकरी म्हणायचे, या लोकांना भांडायला दुसरं काही मिळत नसेल. खरं तर मिळत होतं. बांध होता, विहीर होती, म्हशी होत्या. पण त्यावरून कुणीही भांडतं. आपल्या घराण्याचं भांडण जरा वरच्या दर्जाचं आहे, असं रामधनला मनापासून वाटायचं.

हे सगळं रामधनच्या पणजानं, रूपला नाईकानं करून ठेवलं होतं. रूपला लदेणीवर जायचा, म्हणजे बैलांच्या पाठीवर गोण्या लादून मुलूखभर माल पोचवायचा. इकडून गहू, जवस घेऊन म्हैसूरकडे उतरायचा, येताना सुपारी आणि बाबाबुडनच्या डोंगरातली कॉफी आणायचा. आगगाडी आली, लदेणी बसली, बैल गेले, रूपलानं फुलसावंगीच्या रानात तांडा वसवला. कॉफी मात्र सुटली नाही. तिकडं राहिलेल्या सोयऱ्यांकडून दरसाल गोणी यायची, आणि सगाईच्या गुळाबरोबर पाहुण्यांना तिचा घोट मिळायचा. असा रिवाज दुसऱ्या कुठल्याच तांड्यात नव्हता, म्हणून तर या घरानं तो छातीशी धरला होता.

पुढं म्हातारपणी दोन्ही सुना एकमेकींशी बोलेनाशा झाल्या तेव्हा रूपलानं चुली वेगळ्या केल्या. भांडी वाटली, जनावरं वाटली, आणि कॉफीची गोणी उरली. मापानं वाटली असती तर पुढचा तमाशा टळला असता. पण म्हातारा हौशी. त्यानं सूप तिरपं धरलं आणि वरून मूठ मूठ दाणे सोडले. गोल दाणे गडगडत खाली आले, चपटे वरच अडकले. खाली आले ते थोरल्या मुलाला, म्हणजे हिरासिंगच्या बापाला, वर राहिले ते धाकट्याला, रामधनच्या आज्याला. थोरल्याला थोडं पण देखणं मिळालं, धाकट्याला साधं पण भरपूर. दोघांनाही वाटलं, दुसऱ्याचा फायदा झाला.

मग कथा तयार झाल्या. थोरल्या घरात सांगायचे, बाबाबुडन फकिरानं अरबस्तानातून कमरेला बांधून सात दाणे आणले ते गोलच होते. चपटा माल पुढं साहेबानं मळे लावले तेव्हाचा. धाकट्या घरात सांगायचे, तूर घ्या, हरभरा घ्या, देवानं दाण्याला दोन डाळी दिल्या. फकिराचे सात दाणे असेच जोडीचे, आणि गोल म्हणजे कुठल्या तरी रानटी झाडाचा खुजा माल. म्हैसूरकडचे सोयरे बिचारे दरसाल चाळून दोन वेगळ्या पिशव्या पाठवत राहिले. नाईकाच्या घरची आवड असेल, असं त्यांना वाटत असावं.

रामधन जनपद शाळेत मास्तर झाला आणि चपट्या दाण्याला विद्येचं पाठबळ मिळालं. तो कपातून घोट घ्यायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, "पहिले भिजली माती. मंग जांभूळ. आन् सरतेशेवटी संत्र्याची साल."

"संत्र्याची साल मी चुलीत टाकली होती," त्याची बायको लालीबाई म्हणायची. "तिचा वास हाये तो."

गोलाबद्दलही त्याचं मत ठरलेलं होतं. गोल दाणा नुसता गोड लागतो, मोहाच्या फुलासारखा, आणि मागं काही उरत नाही. हे मत त्यानं दिवाळीच्या रामरामीला हिरासिंगच्याच अंगणात, हिरासिंगच्याच कपातून पिता पिता, चारचौघांत मांडलं होतं. लोक हसले, म्हणून तो आणखी बोलला. "गोल दाना म्हंजे वांझ झाडाचा माल, काका. जोडी जमली नाई, म्हनून एकटा राह्यला."

हिरासिंगला आणि हंसाबाईला मूलबाळ नव्हतं. हंसाबाई तेव्हा रिकामे कप गोळा करत होती. तिनं रामधनच्या हातातला कप घेतला, त्यात अर्धी कॉफी होती, तरी घेतला. आपण काय बोललो हे रामधनला स्वतःच्या दारात पोचल्यावर कळलं. त्याला बऱ्याच गोष्टी तिथं पोचल्यावरच कळायच्या.

त्यानंतर नाईकाचा निरोप आला होता, "रामधनच्या घरचा गूळ बी नोको आन् काफी बी नोको."

माफी मागणं हा एक मार्ग होता. रामधननं त्याचा विचार केला आणि शास्त्रीय प्रयोग करायचं ठरवलं. दोन्ही झाडांची फळं टरफलासकट मागवायची, पाहुण्यांसमोर फोडून दाखवायची, चपट्याचं मूळ वेगळं आणि गोलाचं वेगळं हे एकदा सिद्ध करायचं. दोन्हींना आपापली जागा मिळाली की काकाचा राग जाईल, असं त्याचं गणित होतं. लालीबाईनं ते ऐकून घेतलं होतं आणि म्हटलं होतं, "त्यापरीस पाया पडा."

आता अंगणात उखळ मांडलं होतं. लालीबाई आणि नलू वाळून काळी पडलेली फळं कांडत होत्या. टरफल फुटायचं, आतला पिवळट पापुद्रा सुटायचा आणि दाणे मोकळे व्हायचे. रामधन बाजेवर बसून पाहुण्यांपुढं करायच्या भाषणाची मनात जुळवाजुळव करत होता.

"बापू," नलू म्हणाली, "गोल निंगाला."

"पूनमसिंगनं भेसळ केली. बाजूले ठेव."

"भेसळ नाई. फळातूनच निंगाला."

"तुले दिसलं नसन नीट."

नलूनं सुपातलं एक अख्खं फळ उचलून त्याच्या हातावर ठेवलं. रामधननं ते दाताखाली धरून फोडलं. आतून दोन चपटे दाणे निघाले, पोटाला पोट लावून बसलेले. तो समाधानानं हसला. तिनं दुसरं दिलं. दोन. तिसरं दिलं. दोन. चौथं फोडलं आणि त्याच्या तळहातावर एकच दाणा पडला, गोल, आणि शेजारी एक वाळकं पापुद्र्यासारखं काहीतरी, जे दाणा व्हायचं राहून गेलं होतं.

रामधन बराच वेळ हाताकडे बघत राहिला. मग त्यानं बाजेवरून उतरून सुपापाशी बैठक मारली आणि फळामागून फळ फोडायला लागला. लालीबाईनं मुसळ थांबवलं.

"एकाच झाडाचे हायेत," तो शेवटी म्हणाला. "दोघं बसले त एकामेकाले दाबून चपटे होतात. एकटा असला त गोल होते. बस, एवढंच हाये."

"एवढंच?" लालीबाईनं विचारलं.

"एवढंच."

"तीन पिढ्या?"

पूनमसिंगचा ठसका आता रामधनला समजला होता.

लालीबाई हसत नव्हती. ओठ घट्ट मिटून ती पुन्हा मुसळ उचलू लागली, आणि तेवढ्यानं रामधनला संशय आला. "तुले ठाऊक होतं?"

"झाडाचं नाई ठाऊक. मले कायचं ठाऊक?" ती म्हणाली. "पन एक हाये. सांगतो, चिडू नोका. काकीकडचा गोल दाना लवकर सपते. थोडासाच येते ना तो. सपला का काकी आपल्यातला घेऊन जाते. लय सालापासून."

"म्हंजे काका आपला चपटा पेते?"

"आन् तारीफ करते. म्हने, गोलाची गोडी येगळीच."

रामधनला हसू आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याला बरं वाटलं. काका, तांड्याचा नाईक, गोल दाण्याचा कैवारी, धाकट्या घरचा चपटा पिऊन मान डोलवत होता. हे पाहुण्यांसमोर सांगितलं तर काय बहार येईल, असं त्याच्या मनात आलं.

"दिवाळीले बी सपला होता," लालीबाई म्हणाली. "धनतेरसलेच नेली तिनं पिशवी."

रामधनचं हसू तिथंच राहिलं. दिवाळीला त्या अंगणात डोळे मिटून त्यानं जिला नावं ठेवली, जिच्यात मागं काही उरत नाही असं सगळ्यांना समजावून सांगितलं, ती त्याच्या स्वतःच्या पिशवीतली कॉफी होती. भिजली माती, जांभूळ, संत्र्याची साल, सगळं त्या कपात असायला हवं होतं, आणि त्याला फक्त मोहाचं फूल लागलं होतं. ज्या जिभेच्या जोरावर त्यानं नाईकाशी वैर घेतलं, त्या जिभेला घरचा माल ओळखता आला नव्हता.

"मी गाढव हावो," तो म्हणाला.

कुणी नाही म्हटलं नाही. नलू तर टरफलं पाखडत होती.

"कोनाले सांगू नोका," तो जरा वेळानं म्हणाला. "हे सगळं कांडून टाका, भाजून टाका. प्रयोग रद्द. पाहुन्याइले काहीबाही सांगू, का नाईकाची तब्येत..."

नलूनं सूप खाली ठेवलं. ती कधी वडिलांना तोंड वर करून बोलत नसे. "बापू, मले पोरगा पसंत हाये. तुमाले कोनता दाना पसंत हाये ते तुमी पाहा. पन नाईकदादा आले नाई त पाहुने वापस जातीन, आन् गेलेले पाहुने पुन्हा नाई येत. मंग मी काय करू?"

रामधन उठला. त्यानं दोन मुठी अख्खी फळं धोतराच्या सोग्यात बांधली आणि तांड्याच्या वरच्या अंगाला निघाला. वाटेत त्यानं तीन वेळा वाक्य तयार केलं आणि तीनही वेळा त्यात स्वतःचं कौतुक शिरलं, म्हणून सोडून दिलं.

हिरासिंग कडुलिंबाखाली खाटेवर बसला होता. पांढरं पागोटं, धुतलेला अंगरखा, पायात नवे जोडे. ज्याला कुठंच जायचं नाही त्यानं एवढं नटून का बसावं, हे रामधनच्या लक्षात आलं, आणि त्याला एकदम वाईट वाटलं. हंसाबाई दारात तांदूळ निवडत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"राम राम, काका."

"मी येनार नाई," हिरासिंग म्हणाला.

"नोका येऊ. एवढं एक फोडून द्या मले."

"काय हाये हे?"

"काफी. झाडावरून आली तशी."

हिरासिंगनं फळ हातात घेतलं. आयुष्यभर ज्याची बाजू घेतली ते झाडावरून कसं उतरतं हे त्यानंही पाहिलं नव्हतं. त्यानं ते दाढेखाली धरलं. कटकन आवाज आला. तळहातावर दोन चपटे दाणे पडले.

"तुहेच हायेत," तो तुच्छतेनं म्हणाला.

"आनखी फोडा."

हिरासिंगनं फोडलं. पुन्हा दोन. आणखी एक. दोन. त्याचा चेहरा उतरत चालला आणि हात भरभर चालू लागला, भुईमुगाच्या शेंगा फोडाव्यात तसा. टरफलं खाटेखाली पडत होती. मग एका फळातून गोल दाणा निघाला. तो थांबला. त्यानं तो दाणा बोटात धरून उजेडात फिरवला.

"त्याच पोत्यातला हाये?"

"त्याच झाडाचा हाये, काका. त्याच फांदीचा बी असन. आपले सगळे एकाच झाडाचे हायेत. चाळून येगळे केले, एवढंच."

हिरासिंगनं दाणा पुन्हा उजेडात धरला. मग तो हळूच म्हणाला, "आन् हा एकटाच काहून?"

रामधनला ज्या वाक्याची भीती होती ते आता समोर आलं होतं. त्यानं टरफलातलं ते वाळकं पापुद्र्यासारखं काढून दाखवलं. "दुसऱ्याची जागा होती. तो भरला नाई. मंग यानं सगळं एकट्यानं घेतलं, म्हनून गोल झाला."

दारातला सुपाचा आवाज थांबला. हंसाबाई उठून आली. तिनं नवऱ्याच्या बोटांतून तो दाणा घेतला, डोळ्याशी धरला, आणि पहिल्यांदाच रामधनकडे पाहिलं.

"मंग हा वांझ झाडाचा कसा काय, मास्तर?" तिनं विचारलं. "झाड त तेच हाये. आन् दाना त भरला हाये ना?"

"भरला हाये, काकी."

"चांगला भरला हाये?"

"सगळ्याइत चांगला," रामधन म्हणाला. "मी बोललो ते खोटं होतं. मले काहीच कळत नाई, काकी. दिवाळीले तुमच्या घरी मी माहीच काफी पेलो आन् तिलेच नावं ठेवले."

हिरासिंगनं मान वर केली. "म्हंजे?"

हंसाबाईनं लगेच डोक्यावरची ओढणी नीट केली. "तुमी दोघं बसा बोलत. मी पोरीचा गूळ खायले चालली." आणि ती खरंच चालू लागली, मागं न पाहता.

"म्हंजे काय म्हनते हा?" हिरासिंगनं तिच्या पाठीला विचारलं. ती थांबली नाही. तो रामधनकडे वळला. "कोनाची काफी? कोनाच्या घरी?"

"चाला ना काका. वाटेत सांगतो."

वाटेत त्यानं सांगितलं. हिरासिंग मधेच थांबला, काठी जमिनीत रोवून उभा राहिला आणि रामधनला वाटलं, आता परत फिरतो. पण तो म्हणाला, "रूपलादादा मोठा गाढव होता." आणि पुढं चालू लागला. चार पावलांनी म्हणाला, "आपन बी."

पाहुणे आले ते वेळेवर आले. मुलाचा बाप शंकरसिंग भारदस्त माणूस होता, कमी बोलायचा, आणि या घरच्या कॉफीची ख्याती ऐकून होता. लालीबाईनं चाळणी न लावता सगळे दाणे एकाच कढईत भाजले होते, सुंठ आणि गूळ घालून एकाच पितळी भांड्यात उकळवले होते. पहिला कप शंकरसिंगला गेला. सगळं अंगण त्याच्या तोंडाकडे पाहत होतं. त्यानं एक घोट घेतला, गिळला, आणि जरा थांबला.

"लय चांगली हाये," तो अदबीनं म्हणाला. मग रामधनकडे झुकून हळूच विचारलं, "च्या भेटन का, मास्तर? थोडा?"

तीन पिढ्यांची ख्याती तिथंच संपली. रामधन इतका मोकळा हसला की लालीबाईनं आतून डोकावून पाहिलं.

हिरासिंग मात्र हसला नाही. त्यानं कप दोन्ही हातांत धरला होता. पहिला घोट घेतल्यावर त्यानं दुसरा घेतला नाही, नुसता वाफेत चेहरा धरून बसला. रामधनला वाटलं, पुन्हा काही बिनसलं.

"काय झालं, काका?"

"हे मी पेलो हावो," हिरासिंग म्हणाला. "चुली येगळ्या नोत्या तवाची हाये. याडीच्या, मायच्या मांडीवर बसून पेलो होतो, बशीतून." त्याचे डोळे भरले होते आणि तो ते लपवतही नव्हता. "मी समजत होतो, ते गोडी गोल दान्याची होती. उमरभर तेच धुंडत राह्यलो."

मग त्यानं कप खाली ठेवला, जमलेल्या पंचांकडे पाहिलं आणि नाईकाच्या आवाजात विचारलं, "गूळ फोडू का?" होकार आला. त्यानं ढेप फोडली, पहिला खडा स्वतःच्या तोंडात टाकला आणि दुसरा हंसाबाईला दिला. हंसाबाईनं तो नलूच्या तोंडात घातला.

दिवस मावळायच्या आत पाहुणे गेले. वैशाखातलं लग्न ठरलं होतं. अंगणात हंसाबाई आणि लालीबाई कप धूत बसल्या होत्या आणि रामधन खांबाला टेकून नलूकडे पाहत होता. ती नव्या ओढणीतच टरफलं झाडत होती. त्याला दुसरं मूल नव्हतं. हे त्याला माहीत होतं, अर्थातच माहीत होतं, पण आज दुपारपर्यंत ते त्यानं कधी मोजलं नव्हतं.

"मास्तर," हंसाबाई कपावरून हात फिरवत म्हणाली, "वैशाखात नलू गेली का तुमचं घर बी आमच्यावानीच."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. ज्याला कॉफीच्या एका घोटात जांभूळ सापडायचं, त्याला एक शब्द सापडेना.

"मंग सांजच्याले दोन चुली कायले पेटवाच्या?" ती म्हणाली. "काफी त एकाच भांड्यात होते. येत जा दोघं."

रामधननं मान हलवली. सोग्यात उरलेली फळं त्यानं न फोडता, न निवडता, तिच्या ओढणीत ओतली आणि धुतलेले कप आत नेऊन ठेवले.